मानशीवरच्या चपला

दरवर्षी पौषात, पुनवेच्या आदल्या सांजेला
कुंभारजुव्याच्या आमच्या खाजनात
गाव देवचाराला चपला वाहतो.
कातडी, तिहेरी तळव्याच्या, तेल पाजलेल्या.
मानशीच्या कोनाड्यात ठेवतात, सोबत दोन विड्या, सोड्याची बाटली
आणि इनासिनची मेणबत्ती, कारण तिचंही शेत याच बांधाआड.
जुना जोड उचलून सोयरू गावकार सगळ्यांना तळवे दाखवतो.
झिजलेत. टाचेशी पार कागद.
म्हणजे चाललाय तो. वर्षभर राखण केलीय.
"व्हय म्हाराजा," म्हणतात सगळे.
मीही म्हणतो.

माझा पाय नऊ नंबरचा.

बापाचा आठ होता.
तो गेला त्या वर्षी देवचाराचा पाय वाढला,
हे कुणी मोजलं नाही.

भरती रोज पाऊण तास उशिरा येते
आणि मानशीचं दार आपसूक नीट बसत नाही.
फळीत काटकी अडकते, खेकडा अडकतो,
एकदा कुणाचं तरी हेल्मेट अडकलं होतं.
रात्री दोनला, तीनला जाऊन ते काढावं लागतं.
हातात काठी, कारण बांधावर घोणस असते.
तोंडात विडी, कारण डास.
घराघरांत लोक काठीचा आवाज ऐकतात,
पोराला कुशीत ओढतात:
झोप, तो चाललाय.
मीच असतो. कंबर धरून.

बावीस वर्षं झाली.
इथे दुसरं कुणी असतं
तर फळी धरायला मी त्याला हाक मारली असती.
मारली होती एकदा.
खेकडे पळाले.

एकट्या गुणोला ठाऊक होतं,
बाणस्तारीच्या बाजारात चपला शिवायचा तो.
माझ्या डाव्या पायाला करंगळी नाही, दाराखाली गेली.
गुणो डावा पट्टा जरा आत घ्यायचा,
न विचारता, माझ्याकडे न बघता.

चवथीनंतरच्या अमाशेला मला ताप होता. एकशेतीन.
गेलो नाही.
दार उघडं राहिलं, खारं पाणी शिरलं,
कोरगुटसुद्धा पिवळा पडला.
देवळात कौल लावला. पाकळी डावीकडची पडली.
देवचार रागावलाय. कुणावर?
शाबलोच्या सुनेवर, इनासिनच्या धाकट्यावर,
नव्या मोबाइल टॉवरवर. कोंबडा कापला.
मी समितीच्या अध्यक्षाला गाठून सांगितलं:
मी आजारी होतो, दार लावलं नाही.
तो हसला, पाठीवर थाप मारली.
"अरे, दार लावणारा तू कोण?
तू निमित्त."
पगारही त्याच हिशेबानं देतात,
निमित्ताएवढा.

गुणो गेल्या मार्गशीर्षात गेला.
त्याच्या पोरानं सरळ, सारखा जोड शिवला,
देवाच्या पायाला शिवावा तसा.
पहिल्याच रात्री मला फोड आला.
तेव्हापासून मी रबरी स्लिपरवर आहे
आणि चपला कोनाड्यात, कोऱ्या.
वर्षभर तिकडे कुणी बघत नाही, कोप होतो म्हणून.
पण आता पौष आला.

कोरे तळवे बघून काय म्हणतील?
गेला तो, म्हणतील. गाव सोडून गेला.
मग झोप लागणार नाही कुणाला.
किंवा, कोण जाणे, उठून दाराशी येतील
बॅटऱ्या घेऊन
आणि मला बघतील.
बावीस वर्षं हेच हवं होतं मला.
आता तेही नको वाटतं.

पावणेतीन. पाणी अजून चढतंय.
चपल मांडीवर घेतलीय, हातात चिऱ्याचा तुकडा.
घासतोय.
टाचेशी जास्त.
बाप टाचेवर जोर देऊन चालायचा.